पिस्तूल हिसकावण्याची गोष्ट

२०२४ च्या ऑक्टोबरात, सहामाही परीक्षेच्या तोंडावर, आम्ही नववीच्या वर्गाला निबंध लिहायला दिला होता. विषय जुनाच, ‘अगर मैं पुलिस अफसर होता’. शाळा उर्दू माध्यमाची, अंबरनाथची. मुले रिक्षावाल्यांची, भंगारवाल्यांची, फॅक्टरीत पाळी करणाऱ्यांची. वह्या घरी आणल्या आणि रात्री तपासायला बसलो. दहाएक वह्या झाल्यावर आमच्या लक्षात आले की आपण एकच निबंध पुन्हा पुन्हा वाचतो आहोत. मुलगा अफसर होतो, बदमाशाला पकडतो, जीपमध्ये घालतो, बदमाश वाटेत पिस्तूल हिसकावतो आणि आमचा विद्यार्थी त्याला गोळी घालतो. मग लोक हार घालतात. एकाही मुलाच्या वहीत कोर्ट नव्हते. एका मुलीच्या निबंधात मात्र अफसर रात्री ठाण्यात आलेल्या बाईला खुर्ची देते, पाणी देते आणि तिचे सगळे म्हणणे लिहून घेते. पुढे काहीच घडत नाही. ‘कथानक नाही’ असा शेरा मारून आम्ही तिला दहापैकी पाच गुण दिले होते.

गोळीबाराचा निबंध मुलांनी रचलेला नव्हता. महिनाभर ती तो घरोघरी, टीव्हीवर, ट्रेनच्या डब्यात ऐकत होती. या अंकांतून कवितेची, कथेची, कादंबरीची समीक्षा होत आली आहे आणि ती व्हायलाच हवी. पण गेल्या तीस वर्षांत महाराष्ट्रात सर्वांत जास्त वाचली गेलेली गोष्ट कोणती असे कुणी विचारले, तर आमचे उत्तर ‘चकमकीची’ असे आहे. ती रोजच्या वर्तमानपत्रात छापून येते, तिला वाचक आहे, तिचे चित्रपट निघतात, आणि तिची समीक्षा मात्र कुणी करीत नाही. आम्ही भाषेचे शिक्षक आहोत, कायद्याचे जाणकार नाही. तेव्हा गोष्ट म्हणूनच ती वाचून पाहतो.

आधी तिचा मजकूर. २३ सप्टेंबर २०२४ च्या संध्याकाळी ठाणे पोलिसांचे पथक तळोजा कारागृहातून अक्षय शिंदे या आरोपीला दुसऱ्या एका गुन्ह्याच्या तपासासाठी घेऊन निघाले. बदलापूरच्या शाळेतील दोन चिमुरड्या मुलींवरील अत्याचाराच्या गुन्ह्यात तो अटकेत होता. गाडीत पाच पोलीस आणि एक आरोपी. पोलिसांच्या सांगण्याप्रमाणे, मुंब्रा बायपासजवळ आरोपीने सहायक निरीक्षकाचे पिस्तूल हिसकावले, गोळ्या झाडल्या, एक गोळी अधिकाऱ्याच्या मांडीला लागली, आणि दुसऱ्या अधिकाऱ्याने स्वसंरक्षणासाठी झाडलेली गोळी आरोपीच्या डोक्यात लागली. कळव्याच्या रुग्णालयात त्याला मृत घोषित केले गेले.

कुठल्याही कथाकाराला संपादक विचारील तेच प्रश्न पुढे मुंबई उच्च न्यायालयाने विचारले. ज्याने कधी शस्त्र हाताळल्याचे माहीत नाही त्याला भरलेले पिस्तूल एका झटक्यात कसे चालवता आले? एकाला आवरायला इतके जण असताना तो आवरला कसा गेला नाही? गोळी पायावर का नाही, डोक्यात का? कथेच्या भाषेत सांगायचे तर पात्राच्या स्वभावातून आणि ताकदीतून प्रसंग निघत नाही. प्रसंग आधी ठरलेला आहे आणि पात्राला त्यात बसवले आहे. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल न्यायालयापुढे आला. त्या पिस्तुलावर मृताच्या बोटांचे ठसे सापडले नाहीत, वापरलेले बळ समर्थनीय नव्हते आणि मृत्यूला गाडीतले पाच पोलीस जबाबदार आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. ७ एप्रिल २०२५ ला उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवून विशेष पथकाकडून तपास करण्याचा आदेश दिला. पथक नेमण्याचे काम पुढे सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या पोलीस महासंचालकांकडे सोपवले. त्या पाच जणांवरचा आरोप हा आरोपच आहे, सिद्ध झालेला गुन्हा नव्हे. आम्ही तो शब्द जपून वापरतो, कारण मेलेल्या माणसाच्या बाबतीत तो कुणी जपला नाही.

वाचकहो, या गोष्टीची जीप आपल्या ओळखीची आहे. परभणीचा ख्वाजा युनूस, वय सत्तावीस, संगणक अभियंता. २ डिसेंबर २००२ च्या घाटकोपर स्फोटानंतर त्याला उचलले. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितले की तपासासाठी औरंगाबादला नेताना पारनेरजवळ जीप खड्ड्यात गेली आणि तो पळाला. त्याच्याबरोबर कोठडीत असलेल्या माणसाने न्यायालयात सांगितले की त्याने युनूसला बेदम मारहाण होताना पाहिले होते. मृतदेह आजतागायत मिळालेला नाही. सीआयडीने चौदा पोलिसांवर ठपका ठेवला, सरकारने चौघांवरच खटला चालवायला मंजुरी दिली आणि तेच चौघे २०२० च्या जूनमध्ये पुन्हा सेवेत रुजू झाले. त्याची आई आसिया बेगम परभणीहून मुंबईच्या कोर्टात खेपा घालत राहिली.

२००३ च्या गोष्टीत जीप घसरते. २०१९ च्या डिसेंबरात हैदराबादजवळ चार आरोपी पोलिसांची शस्त्रे हिसकावतात. २०२० च्या जुलैत कानपूरजवळ गाडीही उलटते आणि पिस्तूलही हिसकावले जाते. हैदराबाद प्रकरणात आपल्या नागपूरचे निवृत्त न्यायमूर्ती वि. श्री. सिरपूरकर यांच्या आयोगाने, आरोपींना मारण्याच्या उद्देशानेच गोळीबार झाला असा निष्कर्ष २०२२ मध्ये दिला. इतकी वर्षे, इतकी राज्ये, आणि लेखकाला नवा प्रसंग सुचत नाही! दहावीच्या मुलाने असे केले तर आम्ही त्याला समोर उभे करून विचारू की बाबा, कुणाची वही पाहिलीस?

या वाङ्मयप्रकाराचे माहेर मुंबईच आहे. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मारली गेली. त्यावरून लोकस्वातंत्र्य संघटना, म्हणजे पीयूसीएल, न्यायालयात गेली. त्या काळातले जावेद फावडाचे प्रकरण आपल्या मोहल्ल्यांत अजून सांगितले जाते. पोलीस म्हणाले, नामचीन गुंड. घरचे म्हणाले, शेंगदाणे विकणारा अबू सायमा. सत्र न्यायाधीश अग्वियार यांनी चौकशी करून पोलिसांची हकीकत खरी नाही असे म्हटले, नंतर १९९९ मध्ये उच्च न्यायालयाने पोलिसांची बाजू उचलून धरली. पीयूसीएलच्या दाव्याचा अखेरचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २३ सप्टेंबर २०१४ ला. चकमकीत माणूस मेला की गुन्हा नोंदवा, तपास दुसऱ्या यंत्रणेकडे द्या, दंडाधिकारी चौकशी करा, नातेवाइकांना कळवा, चौकशी पुरी होईतो शौर्यपदक आणि बढती देऊ नका. असे सोळा नियम. त्या निकालाला बरोबर दहा वर्षे झाली त्याच तारखेला मुंब्रा बायपासची गाडी निघाली. योगायोगच, पण तारीख पाहिली तेव्हा आम्ही पेन खाली ठेवले.

गोष्ट इतकी कच्ची असूनही ती खपते, कारण तिचा उत्तरार्ध वाचक लिहितो. त्या रात्री बदलापुरात फटाके फुटले, पेढे वाटले गेले. मुंबईत ‘बदला पूरा’ असे फलक लागले, त्यावर गृहमंत्र्यांच्या हातात पिस्तूल. गावाच्या नावावरची ही कोटी नवी नव्हती. २०१५ मध्ये सूडाच्या हिंदी चित्रपटाला हेच नाव दिले गेले होते. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्येही दुसऱ्या दिवशी मिठाईचा पुडा आला. आम्ही एक पेढा घेतला. खाल्ला की नाही हे सांगण्यासारखे नाही. घेतला एवढे खरे. ख्वाजा युनूसवर तास घेऊ शकणारी माणसे आम्ही, त्या दिवशी गप्प होतो, कारण मेलेला आपला नव्हता, आणि गुन्हा असा होता की शंका काढणाराच गुन्हेगार ठरावा. आमच्या मुस्लिम मराठी लेखनातही हीच उणीव आहे असे आम्हाला वाटते. पोलिसी जुलमाच्या कथा आपण लिहितो, कविताही बऱ्याच आहेत, पण त्यांत कोठडीतला माणूस नेहमी निर्दोष असतो, शक्यतो शिकलेला, नमाजी, आईचा लाडका. दोषी असण्याचा संशय असलेल्या, ओंगळ गुन्ह्याचा आरोप असलेल्या माणसालाही कोर्टाची पायरी मिळाली पाहिजे, हे सांगणारी कथा आपल्याकडे कुठे आहे? निर्दोषाची बाजू घ्यायला फारशी हिंमत लागत नाही.

मग आली दफनाची गोष्ट. पुन्हा तपासणीची वेळ आली तर देह हाती असावा म्हणून घरच्यांना तो जाळायचा नव्हता, पुरायचा होता. बदलापूरने जागा नाकारली, अंबरनाथने नाकारली. अखेर २९ सप्टेंबरला उल्हासनगरच्या शांतीनगर स्मशानभूमीत पोलीस बंदोबस्तात दफन झाले. तिथेही विरोध झाला, खणलेला खड्डा लोकांनी बुजवला, तो पुन्हा उकरावा लागला. उल्हासनगर हे निर्वासितांनी वसवलेले शहर. फाळणीत घरदार सोडून आलेल्या सिंध्यांना लष्कराच्या बराकींत जागा मिळाली आणि त्यातून ते उभे राहिले. जमीन नाकारली जाणे म्हणजे काय हे ज्या शहराला सर्वांत जास्त ठाऊक, त्याच शहरात हे घडले. आमच्याकडे मय्यत कुणाचीही असो, तीन मूठ माती देणे हा हक्क मानतात. पण आमच्यापैकीही कुणी त्या दिवशी शांतीनगरला गेले नव्हते. फेब्रुवारी २०२५ मध्ये मृताच्या आईवडिलांनी उच्च न्यायालयात सांगितले की धावपळ झेपत नाही, आम्हाला खटला पुढे चालवायचा नाही. न्यायालयाने तरी तो सोडला नाही.

मराठी लेखक-कलावंतांनी या गोष्टीला काय उत्तर दिले? सर्वांत सशक्त उत्तर फार जुने आहे. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा आणि तिच्यावरून गोविंद निहलानींनी १९८३ मध्ये केलेला ‘अर्धसत्य’. पटकथा विजय तेंडुलकरांची. सगळ्यांना त्यातला रामा शेट्टी आठवतो आणि शेवटी त्याचा गळा आवळणारा वेलणकर. पण चित्रपटाचा कणा रामा शेट्टी नव्हे, कोठडीत मार खाऊन मरणारा एक भुरटा चोर आहे. वेलणकरचा बापावरचा, साहेबांवरचा, स्वतःच्या नामर्दपणावरचा सारा राग त्या फाटक्या माणसावर निघतो, आणि त्या खुनातून सुटण्यासाठी त्याला रामा शेट्टीच्या दारात जावे लागते. पोलिसाला राक्षस न करता त्याचा हात कसा उठतो हे तेंडुलकरांनी दाखवले. प्रेक्षकाने मात्र चोर विसरून टाकला. टाळ्या शेट्टीच्या मरणाला पडतात. यात दोष चित्रपटाचाही आहे, असे आम्ही धाडसाने म्हणतो: चोराला त्याने नाव-गाव, बायको, आई असे काही दिलेच नाही. तो वेलणकरच्या शोकांतिकेचे निमित्त होऊन मरतो.

पुढची वाट उताराचीच आहे. २००४ च्या ‘अब तक छप्पन’मध्ये आकडाच शीर्षक झाला. २०१४ च्या ‘रेगे’ या मराठी चित्रपटात प्रदीप शर्मा आणि सचिन वाझे ही पात्रे चक्क खऱ्या नावांनिशी आली. गुन्हेगारीच्या आकर्षणात सापडलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्याची ती कथा बेतली आहे चांगली, धडाही देते. पण धडा मुलाला आहे, पिस्तूल धरणाऱ्याला नाही. त्यातल्या खऱ्या शर्मांना १९ मार्च २०२४ ला उच्च न्यायालयाने २००६ च्या लखनभैया चकमकीत दोषी ठरवून जन्मठेप दिली. त्यावर सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली गेली आहे. वाझे हे ख्वाजा युनूस खटल्यातले आरोपी. ‘सिंघम’बद्दल आम्ही काही लिहीत नाही. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०२३ मध्ये जाहीर भाषणात अशा चित्रपटांतून फार घातक संदेश जातो असे सांगितले होते, आणि आमच्या वर्गातल्या वह्या त्यांच्या बाजूने साक्ष देतात.

याच्या उलट दिशेने लिहिलेले एक पुस्तक आमच्या टेबलावर आहे, अब्दुल वाहिद शेख यांचे ‘बेगुनाह कैदी’. लेखक आमच्यासारखाच शाळामास्तर. ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांत पकडला गेला, नऊ वर्षे तुरुंगात राहिला आणि २०१५ मध्ये तेरा आरोपींपैकी एकटा सुटला. उरलेल्या बारांपैकी पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप झाली. पुस्तक साहित्य म्हणून खडबडीत आहे. पुनरुक्ती आहे, कागदपत्रांची गर्दी आहे, कादंबरीची सफाई शोधणाऱ्याची निराशा होईल. आम्हालाही पहिल्या वाचनात ते जड गेले. दुसऱ्या वाचनात कळले की त्याचा लेखक रडून दाखवत नाही, तो पाठ घेतो आहे. कबुलीजबाब कसा तयार होतो हे तो फळ्यावर गणित सोडवावे तसे पायरी-पायरीने मांडतो. अकरा जणांचे कबुलीजबाब झाले, याने सही केली नाही. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडले, तेव्हा त्या कबुलीजबाबांतले मजकूर एकमेकांशी हुबेहूब जुळतात आणि छळाचा आरोप निराधार नाही, असे निकालात आले. म्हणजे पुन्हा तेच, एका वहीतून दुसऱ्या वहीत. सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत हा निकाल इतर खटल्यांत आधार म्हणून वापरू नये असे सांगितले, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. बारांपैकी कमाल अन्सारी हा निकाल ऐकायला नव्हता. तो २०२१ मध्ये नागपूर तुरुंगात करोनाने मेला होता. आणि एकशे ऐंशीहून अधिक माणसे ज्यांनी मारली ते कोण, हे एकोणीस वर्षांनी कुणीच सांगू शकत नाही. खोटी गोष्ट खपली की खरी गोष्ट लिहायची राहून जाते, याचे याहून मोठे उदाहरण आम्हाला माहीत नाही.

बदलापूरचेही तसेच. आपण सगळे मुंब्रा बायपासची गोष्ट वाचत बसलो, पण मूळ गोष्ट १६ ऑगस्ट २०२४ ची आहे. त्या दिवशी मुलीचे आईवडील तक्रार घेऊन ठाण्यात गेले आणि गुन्हा नोंदवला जायला बाराएक तास लागले. बारा तास! वीस तारखेला लोक रुळांवर उतरले, बदलापूरला गाड्या जवळपास दहा तास अडल्या, लाठ्या चालल्या, आंदोलकांवर गुन्हे पडले. बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या २०१२ च्या कायद्यात तक्रार न नोंदवणे हाच गुन्हा आहे, कलम २१ प्रमाणे. जो मजकूर वहीत वेळेवर उतरला असता तर रेल्वे थांबली नसती आणि कदाचित पिस्तुलाची गोष्टही लागली नसती, तो उतरला नाही. आरोपी मेल्यावर त्या मुलींच्या खटल्यात त्याच्याविरुद्ध पुरावा कधी तपासलाच जाणार नाही, हे पेढे वाटणाऱ्यांच्या लक्षात आले होते का?

ठाण्यातली वही किती जड असते याचा अनुभव आमच्या गाठीशी आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांना रात्री उचलून नेले. आम्ही मुलाच्या आईबरोबर इथल्याच एका चौकीत गेलो. ‘मास्तर, तुम्ही कशाला आलात,’ असे म्हणून चहा मिळाला. अटक केली आहे का, तर नाही. सोडता का, तर नाही. मग त्यांची नोंद कुठे आहे? हवालदार हसला आणि म्हणाला, ‘नोंद केली की तुम्हालाच तरास.’ सकाळी माणूस घरी आला, लंगडत. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले होते की अटकेचा लेखी मेमो करा, त्यावर साक्षीदाराची सही घ्या, घरच्यांना कळवा, वैद्यकीय तपासणी करा. आम्हाला त्या रात्री हे माहीत नव्हते. बी.एड.ला पाठटाचण वीस प्रकारची शिकलो, अटकेचा मेमो कसा दिसतो हे कुणी दाखवले नाही.

उपाय नाहीत असे नाही. २००६ च्या प्रकाशसिंग निकालाने प्रत्येक राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरण सांगितले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून ते आणले. आमच्या स्टाफरूममधल्या एकालाही त्याचे नाव माहीत नव्हते. २०२० च्या डिसेंबरात परमवीरसिंग सैनी खटल्यात प्रत्येक ठाण्यात, कोठडीपासून अधिकाऱ्याच्या खोलीपर्यंत, आवाजासह कॅमेरे लावा आणि चित्रण दीड वर्ष जपा, असा आदेश झाला. कॅमेरा काय करू शकतो ते उल्हासनगरने पाहिले आहे. २ फेब्रुवारी २०२४ ला हिल लाईन ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात, आमदार गणपत गायकवाड यांनी महेश गायकवाडांवर गोळ्या झाडल्या, आणि दुसऱ्या दिवशी दालनातले चित्रण घरोघरी मोबाईलवर होते. कुणी पिस्तूल काढले, कुणी झाडले, यावर वाद घालायला जागाच उरली नाही. त्याच वर्षी, तिथून तासाभराच्या अंतरावर, बंद गाडीतल्या काही मिनिटांसाठी मात्र आपल्याला गोष्टीवर विसंबावे लागले.

यंदा नववीला आम्ही निबंध दिला नाही. अर्जलेखन दिले: पोलीस ठाण्यात तक्रार. तारीख, वेळ, कुठे घडले, कुणी पाहिले, खाली सही, आणि दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का. एक मुलगा उभा राहिला. ‘सर, शिक्का दिलाच नाही तर?’ आम्ही फळ्यावर पत्ता लिहिला: पोलीस उपायुक्त, परिमंडळ चार, उल्हासनगर. ठाण्याने तक्रार घेतली नाही तर ती टपालाने वरिष्ठांना पाठवता येते, तेवढ्यानेही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते, हे सांगितले. मुले पत्ता उतरवून घेऊ लागली. ‘परिमंडळ’ या शब्दावर निम्मा वर्ग अडला. मागच्या वर्षीची ती मुलगी आता दहावीत आहे. तिची जुनी वही आम्ही मागून घेतली आहे.